रोटेशन ड्युटी, झोप आणि घर : नाशिकमधले हॉस्पिटलवाले कसं निभावतात?

अबोली_सिडको

मी स्टाफ नर्स आहे, नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यापासून पाळ्यांतच आयुष्य चाललंय, त्यामुळे नाईटचं मला नवल नाही. पण गेले काही महिने जे चाललंय त्याने मेटाकुटीला आलेय, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्याकडे मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ आणि नाईट आठ ते आठ. पूर्वी आठवड्याची ड्युटी लिस्ट शनिवारी लागायची. मध्यंतरी बऱ्याच मुली सोडून गेल्या आणि तेव्हापासून लिस्ट रोज संध्याकाळी ग्रुपवर येते. उद्या सकाळी जायचं की रात्री, हे आज सात वाजता कळणार. इव्हिनिंग संपवून, ओव्हर देऊन (म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवून) घरी पोचायला साडेनऊ. मग ओटा, मुलीचा अभ्यास, सकाळच्या डब्याची तयारी. पाठ टेकायला बारा, आणि सकाळी परत आठची ड्युटी. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाईट. नाईट करून आल्यावर दिवसा झोपावं तर भाजीवाला, भंगारवाला, शेजारच्या प्लॉटवरचं बांधकाम, कुरियरची बेल. सासूबाई होता होईल तेवढं सांभाळतात, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत.

तरीही मला हे काम सोडायचं नाही, ते आधीच सांगते. परवाच्याच नाईटला पहाटे साडेतीनच्या राउंडला एक आजोबा शांत झोपलेले दिसले. मॉनिटरवर सगळं ठीक. पण कपाळाला हात लावला तर घामाने चिंब, उशीचा अभ्राही ओला. एसीत बाकी सगळे पांघरूण ओढून झोपलेले आणि यांनाच घाम. लगेच शुगर केली, ४६ आली, म्हणजे फारच खाली. डॉक्टरांना बोलावलं, २५ टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून साखर) गेलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर तपासली. थोड्या वेळाने आजोबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पोरी, चहा मिळेल का गं?" त्या चहाचं सुख मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळणार नाही.

म्हणून विचारतेय. तुम्ही झोपेचं, घराचं कसं जमवता? आणि लिस्ट आधी मिळावी म्हणून कुणी वरच्यांशी बोललंय का? बोलला असाल तर काय बोललात, तेही सांगा.

मखमलाबादकर

+१. बायको लॅब टेक्निशियन आहे, तिचंही हेच. वाचतोय.

तिसरी_पाळी

अबोलीताई, मी अंबडला एका कंपनीत ऑपरेटर आहे आणि बायको स्टाफ नर्स. घरात दोघंही पाळीवाले, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

आमच्याकडे आठवडाभर फर्स्ट, मग सेकंड, मग थर्ड, आणि परत पहिल्यापासून. थर्ड शिफ्टला मीही पेंगतो, पोट बिघडतं, चिडचिड होते. पण गावच्या जत्रेच्या आठवड्यात माझी कोणती शिफ्ट असेल ते मी आत्ता सांगू शकतो. त्यावर आमचं घर चालतं. मुलाला शाळेतून कोण आणणार, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी न्यायचं, सगळं त्यावर बसवलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी माझी शिफ्ट निळ्या पेनाने लिहितो. बायकोची आधी लाल पेनाने लिहायचो. आता पेन्सिलने लिहितो, कारण रोज खोडावी लागते.

नाईटचा त्रास दोघांनाही आहे. पण मी थकतो आणि ती खचते. हा फरक त्या खोडलेल्या कॅलेंडरमुळे पडलाय असं माझं ठाम मत आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना जे जमतं ते हॉस्पिटलला का जमू नये? मशीन बंद पडत नाही तसा पेशंटही थांबत नाही, दोन्हीकडे चोवीस तास माणूस लागतोच.

डॉ_गोदाकाठ

फिजिशियन आहे. निवासी डॉक्टर असताना भरपूर नाईट केल्या, आता ओपीडीत पाळीवाले पेशंट खूप येतात (नर्स, पोलीस, कंपनी कामगार). थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या मेंदूत, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, शरीराचं मुख्य घड्याळ असतं. ते उजेडावर चालतं. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं याच्या शोधासाठी २०१७ साली हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या घड्याळाचा स्वतःचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला सोपं जातं, मागे ओढणं जड जातं. मॉर्निंगनंतर इव्हिनिंग आणि मग नाईट हा क्रम त्यातल्या त्यात सोसवतो. नाईटवरून इव्हिनिंग, इव्हिनिंगवरून मॉर्निंग असा उलटा क्रम सोसत नाही. आणि घड्याळ सरकतं ते दिवसाला साधारण तासभर. आज मॉर्निंग, उद्या नाईट, परवा पुन्हा मॉर्निंग असं केलं तर ते कुठेच पोचत नाही. तिसरी_पाळी यांनी अनुभवाने जे लिहिलंय त्याला शास्त्राचाही आधार आहे.

पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं आणि लक्षही सर्वांत कमी असतं. अबोली, त्या वेळी आजोबांच्या कपाळाला हात लावावासा वाटणं ही छोटी गोष्ट नाही.

आता उपयोगाचं. नाईटला जाण्याआधी दुपारी दीड-दोन तास झोपा. ड्युटीवर सोय असेल आणि इन्चार्जची परवानगी असेल तर मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांची डुलकी घ्या. जास्त लांबवलीत तर उठल्यावर डोकं जड होतं आणि नेमकं तेव्हाच इंजेक्शन भरायचं असतं. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे पाचच्या कॉफीतलं निम्मं सकाळी दहालाही अंगात असतं आणि तुम्ही म्हणता झोप का लागत नाही. घरी जाताना गॉगल लावा, कारण सकाळचं ऊन मेंदूला "दिवस सुरू झाला" असं सांगतं. खोलीत जाड गडद पडदा लावा, फोन बंद ठेवा. शेवटच्या नाईटनंतर मात्र सकाळी दोन-तीन तासच झोपा, मग उठा, उन्हात फिरा, आणि रात्री सगळ्यांबरोबर झोपा.

गाडीबद्दल हात जोडून सांगतो. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. नाईट करून द्वारका चौकातून स्कूटी चालवत जाणारी सिस्टर दारूचा थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडे असू शकते. डोळे मिटताहेत असं वाटलं तर हॉस्पिटलमध्येच अर्धा तास पडा आणि मग निघा.

तिसरी_पाळी

डॉक्टर, नाईटने कॅन्सर होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते खरं का? बायको घाबरलीय.

डॉ_गोदाकाठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीला "२ए" गटात टाकलं. याचा अर्थ, ती कॅन्सरला बहुधा कारणीभूत ठरत असावी असं म्हणण्याइतपत पुरावा आहे, पण पूर्ण सिद्ध झालेलं नाही. हा गट पुराव्याची ताकद सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. घाबरून नोकरी सोडण्याचं कारण नाही. वजन, शुगर, बीपी यांवर लक्ष ठेवा, तंबाखू टाळा. ज्यांना डायबेटीस आहे त्यांनी नाईटच्या आठवड्यात गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मनाने बदलू नका.

रोखठोक_सातपूर

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. पोलीस, एसटीचे चालक-वाहक, रेल्वेवाले, सगळेच रात्री काम करतात. या क्षेत्रात येतानाच हे माहीत असतं. मग तक्रार नेमकी कशाची?

निवृत्त_मेट्रन

रोखठोक, प्रश्न रास्त आहे. मी सरकारी सेवेतून निवृत्त झालेय आणि बरीच वर्षं ड्युटी लिस्ट स्वतः बनवलीय, म्हणून मीच उत्तर देते.

रात्री काम करण्याची तक्रार अबोलीने केलेलीच नाही, पुन्हा वाचा. एसटीच्या चालकालाही आपली ड्युटी आधी कळते. ती मागतेय तेवढंच.

लिस्ट बनवणं हे मी कधी कारकुनी काम मानलं नाही. माझ्याकडे एक रिक्वेस्ट वही असायची. ज्याला ज्या तारखेला सुट्टी हवी त्याने महिन्याच्या वीस तारखेच्या आत त्यात लिहायचं, कारण लिहिलंच पाहिजे असं नाही. पंचविसाव्या तारखेला पुढच्या महिन्याची लिस्ट बोर्डावर लागायची. काही नियम मी मोडू दिले नाहीत. इव्हिनिंगला लागून मॉर्निंग नाही. नाईट सलग, पण मोजक्या. आणि नाईट करून आलेला दिवस आठवड्याच्या सुट्टीत धरायचा नाही. खासगीत हा घोळ सर्रास चालतो. सकाळी आठ वाजता ड्युटीवरून सुटलेली मुलगी दिवसभर झोपली तर तिला सुट्टी कुठे मिळाली? ती थकवा उतरवत होती.

स्टाफ कमी आहे हे कारण पुढे येतं तेव्हा विचारा की रजेची राखीव माणसं किती आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरलंय. कारण उघड आहे, नर्स आजारी पडणार, बाळंतपणाला जाणार, तिच्या घरी लग्न निघणार. हे राखीव ठेवलं नाही की एकीच्या रजेची किंमत दुसरी डबल ड्युटी करून मोजते, आणि मग तीही आजारी पडते. बाळंतपणावरून आठवलं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा २६ आठवडे आहे आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. ते विचारायला लाजू नका.

सणांचं तर फार सुंदर जमायचं. दिवाळीत आमच्या मुस्लिम मुली आपणहून नाईट मागून घ्यायच्या, ईदला हिंदू मुली त्यांची ड्युटी करायच्या, आणि नाताळात केरळच्या सिस्टरना कुणी हात लावू द्यायचं नाही. शीरखुर्मा आणि फराळाचे डबे वॉर्डात यायचे. मला या नोकरीने काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ते डबे सांगते.

२०१५ च्या सिंहस्थात मात्र आमची खरी परीक्षा झाली. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला रस्ते वाहनांना बंद होते, रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, चालत यायची. ती येईपर्यंत आधीची हलायची नाही. सगळ्यांच्या रजा बंद होत्या, पण कुणाची कुठली पाळी ते महिनाभर आधी ठरलेलं होतं, त्यामुळे कुरकुर झाली नाही. २०२७ चा सिंहस्थ फार लांब नाही. नाशिकच्या प्रत्येक हॉस्पिटलने आत्ताच त्या दिवसांच्या पाळ्या मांडून बघाव्यात.

रोखठोक_सातपूर

पटलं, मेट्रनबाई. नाईटचा दिवस सुट्टीत धरतात हे खरंच माहीत नव्हतं.

वॉर्डातले_मामा

आमचं पण लिहा कुणीतरी. मी वॉर्डात मामा आहे, ठेकेदाराकडून. सिस्टरची लिस्ट तरी ग्रुपवर येते, आम्हाला सुपरवायझर तोंडी सांगतो. पंचवटीतून सायकलनं येतो, रात्री उशिरा बस भेटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गोदेच्या पुलावर हात बधिर होतात, तिकडं निफाडला पारा उतरला की इकडं आमची दातखीळ बसते. तरी येतो.

रात्री पेशंटला एक्स-रेला न्यायचं, बॉडी पॅक करायची, लादी पुसायची, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायचा, समदं आम्हीच. मागं एका पेशंटच्या पोरानं डिस्चार्जच्या दिवशी माझ्या बायकोसाठी साडी आणली. म्हणाला, मामा, तुम्ही आईला रात्री उचलून बेडपॅन दिला तेव्हा एकदा पण तोंड वाकडं केलं नाही. बायकोनं ती साडी पाडव्याला नेसली.

अबोली_सिडको

मामा, तुमचं पहिलं लिहायला हवं होतं. नाईटला तुम्ही आणि मावशी नसाल तर आम्ही एक पेशंटही नीट सांभाळू शकत नाही. लिस्टची मागणी केली तर तुमच्यासकट करू.

घाटातला_डॉक्टर

बीएएमएस आहे, १०८ च्या अँब्युलन्सवर काम करतो. आमच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ ला सुरू झाली. इथे रोस्टरपेक्षा अंतर जास्त छळतं. पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूचा कॉल पाळी संपता संपता आला की पाळी संपायची वेळ विसरायची.

मिळकत सांगतो. पावसाळ्यात पेठकडून एका बाईला नाशिकला आणत होतो, पहिलटकरीण. सावळ घाटात धुकं इतकं की पायलटला (आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात) पुढचं वळण दिसेना, आणि कळा वाढल्या. डोकं दिसायला लागल्यावर गाडी कडेला घ्यायला लावली. पार्किंग लाइट टपटप चालू, बाहेर पाऊस. बाळ आलं ते रडेना. टॉवेलने पाठ चोळली, तोंड-नाक साफ केलं, आणि मग त्याने असा टाहो फोडला की पायलटही पुढून ओरडला, "आला का आवाज?" बाळ आईच्या छातीशी दिलं, दोघांवर ब्लँकेट टाकलं, नाळेला क्लॅम्प लावला आणि निघालो. आजीने पदराच्या गाठीतून वीस रुपयांची नोट काढून माझ्या हातात कोंबायला सुरुवात केली. घेतली नाही, पण विसरणारही नाही.

त्या सकाळी घरी पोचलो तेव्हा मुलगा शाळेत गेलेला होता. त्याचं स्नेहसंमेलन, वाढदिवस, बरंच काही हुकलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

बीएस्सी_थर्ड_इयर

मी नर्सिंगची विद्यार्थिनी, येवल्याची. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा नाईट पोस्टिंग आहे. खूप भीती वाटतेय. रात्री डब्यात काय न्यायचं, झोप आली तर काय करायचं, काही झालं तर कुणाला उठवायचं?

निवृत्त_मेट्रन

बाळा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं. शंका आली की लगेच सीनियरला हाक मार. "उगाच उठवलं" म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे. ओव्हर घेताना कागदावरून घेऊ नकोस, प्रत्येक कॉटपाशी उभी राहून घे. सलाईनची बाटली, कॅथेटर, ड्रेन, पेशंटचा चेहरा, सगळं स्वतः बघ. पेंग आली की बसू नकोस, उभ्याने चार्टिंग कर. आणि पहाटे औषध काढताना लेबल मोठ्याने वाच, शेजारी कुणी असो वा नसो.

अजून एक. आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे. पुढे एम.एस्सी. केलंस तर नर्सच्या झोपेवरच प्रबंध कर. इथल्या मुलींच्या पाळ्यांवर इथल्याच मुलींनी अभ्यास करायला हवा.

मखमलाबादकर

डब्याचं आमच्या घरचं सांगतो. बायको आठच्या आधी घरीच भाकरी-भाजी पोटभर जेवून जाते. मध्यरात्रीसाठी मुगाची खिचडी किंवा दशमी आणि दही, पहाटेसाठी फुटाणे आणि एखादं फळ. मैद्याचं, तळलेलं बंद केल्यापासून तिची ॲसिडिटी गेली. नाईट ग्रुपची मिसळ खाण्याची पद्धत आहे, सकाळी सुटल्यावर. ती महिन्यातून एकदाच, आणि त्या दिवशी झोप लागत नाही हे गृहीत धरून.

अबोली_सिडको

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वॉर्डातल्या मुलींना दाखवला आणि आम्ही सहा-सात जणी मिळून इन्चार्ज सिस्टर आणि एचआरकडे गेलो. मेट्रनबाईंचं वाचून तक्रार न मांडता हिशोब मांडला. लिस्ट रोज यायला लागल्यापासून किती सिक लीव्ह पडल्या, किती जणी सोडून गेल्या आणि नवीन मुलीला आयसीयूत एकटी उभी राहायला किती महिने लागतात.

पंधरा दिवसांची लिस्ट एक तारखेपासून देतो म्हणाले. इव्हिनिंगला लागून मॉर्निंग लावणार नाहीत. बदल हवा असेल तर दोघींनी सही करून एक्स्चेंज फॉर्म द्यायचा. नाईटचा दिवस सुट्टीत न धरण्याला मात्र नकार आला, आत्ता माणसं नाहीत म्हणाले. तो विषय आम्ही सोडलेला नाही. मामा, मावशींची नावंही त्याच लिस्टमध्ये खाली छापा असं सांगितलंय, त्यावर ठेकेदाराशी बोलतो म्हणाले.

पडदा लावला. गडद निळा, जाड. मुलीने दारावर "आई झोपली आहे, बेल वाजवू नका" असं रंगीत खडूने लिहून चिकटवलंय. कुरियरवाला आता सासूबाईंना खालूनच हाक मारतो.

तिसरी_पाळी

अबोलीताई, तो एक्स्चेंज फॉर्म इथे टाकाल का? बायकोच्या हॉस्पिटलमध्ये दाखवायचाय.

अबोली_सिडको

हो. साधाच आहे. दोघींची नावं, तारीख, कोणती ड्युटी कोणत्या ड्युटीशी बदलली, दोघींच्या सह्या, इन्चार्जची सही. दोन दिवस आधी द्यायचा.

निवृत्त_मेट्रन

त्यात एक रकाना वाढवा : ड्युटी घेणारीची आदल्या आणि पुढच्या दिवशीची पाळी कोणती. तो नसेल तर मैत्रिणीला मदत म्हणून एखादी मुलगी इव्हिनिंगला जोडून नाईट घेईल आणि सलग अठरा तास उभी राहील. इन्चार्जनेही सही करण्याआधी तो रकाना बघायचा.